न घेतलेले क्लॅम्प

त्या शनिवारी मिस्त्रीने क्लॅम्प घेतले नाहीत, आणि पुढची सगळी भानगड तिथून सुरू झाली. माणसं नको ते विकत घेऊन गोत्यात येतात. हा गडी न घेऊन आला.

आता मिस्त्री म्हणजे खरा मिस्त्री नव्हे हं. तो विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात कारकून. लोकांचे जळालेले पंखे, फुटलेल्या टाक्या आणि भिजलेले सोफे दिवसभर कागदावर तपासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन सुतारकाम करायचं, असा त्याचा बेत. बेत बरीच वर्षं चालू होता. सुतारकाम फारसं होत नसे, पण सुतारकामाची खरेदी जोरात असे. प्रत्येक हत्यार घेताना त्याला अगदी मनापासून वाटायचं, की आपलं अडलंय ते एवढ्यापायीच. हे एकदा हातात आलं, की मग बघा! (मग कोणालाच काही बघायला मिळत नसे.) ऑफिसातल्या लोकांनी त्याचं नाव मिस्त्री पाडलं ते उगीच नाही.

घरातली मागची खोली या हत्यारांनी गिळली होती. भिंतीवर करवती, फळीवर रंधे, मखमलीच्या पेटीत एकदाही न वापरलेल्या पटाश्या. ड्रिल मशीन होतं, ड्रिल मशीन ठेवायची पेटी होती, आणि ती पेटी ठेवायला चाकांचं कपाट होतं. एवढ्या सगळ्या फौजेने आजवर जिंकलेला मुलूख म्हणजे न्हाणीघराच्या दारामागची एक खुंटी. ती खुंटी दिसायला छान होती. फक्त तिच्यावर काही अडकवायचं नसे.

मिस्त्रीची बायको हाडांच्या इस्पितळात नर्स, आणि तिथेही प्लास्टरच्या खोलीत. मोडलेले हातपाय बांधणं आणि बरे झालेले सोडवणं हे तिचं रोजचं काम. घरी आल्यावर तिला आवाज चढवावा लागत नसे. ती नुसती बघायची.

त्या आठवड्यात तिचे वडील राहायला आले होते. सासरे म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. भरदार अंगाचे, मितभाषी, शर्ट खोचून घरात बसणारे. सासूबाई गेल्यापासून ते गावातल्या घरात एकटे होते. बोलायला कोणी नाही म्हणून रेडिओवरच्या बातम्यांना उत्तरं द्यायचे. मुलीने हजारदा सांगून पाहिलं, बाबा, कायमचे इकडे या. ते यायचे, आठवडाभर खुर्चीच्या टोकावर बसायचे, पाणीसुद्धा मागून घ्यायचे नाहीत, आणि मग एक दिवस म्हणायचे, "बरं, निघतो मी. तुमच्या कामात उगाच अडचण." ते गेले, की मिस्त्रीची बायको स्वयंपाकघरात नळ सोडून भांडी घासत बसायची. स्वच्छ भांडीसुद्धा. तिचं रडणं नळाच्या आवाजात ऐकू येत नाही असं तिला वाटायचं. मिस्त्रीला ते ऐकू यायचं.

"बाबांना वाटतं, आपण इथे कोणाला लागत नाही," ती म्हणाली. "पाहुण्यासारखं बसवून ठेवल्यावर माणूस राहील कसा? ती मागची खोली रिकामी करा. त्यांना त्यांची जागा मिळू दे. तिथे एक टेबल हवं, लिहायला-वाचायला."

"विकत आणू?"

"नको. तुम्ही करा. तुम्ही केलेलं असलं, तर त्यांना नाही म्हणता येणार नाही."

मिस्त्रीची छाती फुगली. "एकदम फर्स्टक्लास करतो! फक्त त्याला ना, लाकडाच्या कडा कोरायचं एक छोटं राउटर—"

ती नुसती बघायला लागली.

"आहे त्या हत्यारांत," ती म्हणाली. "एक जरी नवीन वस्तू या घरात आली ना, तर तुमचा तो सगळा लोखंडी संसार मी भंगारवाल्याच्या गाडीवर चढवीन. आणि बाबा रविवारी संध्याकाळच्या बसने निघतायत. त्याच्या आत झालं पाहिजे."

तर शनिवारी मिस्त्री फक्त लाकूड चिकटवायचा सरस आणायला हत्यारांच्या दुकानात गेला. (सरस म्हणजे हत्यार नव्हे, हे त्याने वाटेतच स्वतःला पटवलं होतं.) दुकानदार त्याला बघून असा उठला, जसं काही लग्नाच्या वऱ्हाडातला मुख्य माणूस आला.

"टेबल करताय? वरची फळी कशी?"

"घरात दोन पातळ फळ्या आहेत. एकीवर एक चिकटवून जाड करणार."

"मग साहेब, क्लॅम्प घ्या." दुकानदाराने ते काउंटरवर ठेवलेसुद्धा. निळ्या दांड्याचे, चकचकीत, स्क्रू फिरवला की लोण्यासारखे सरकून फळ्या आवळणारे. "सरस लावून दाबून नाही ठेवलं, तर फळ्या उमलतात."

मिस्त्रीने एक क्लॅम्प हातात घेतला. थंडगार वजन तळव्यात बसलं आणि त्याचा जीव नुसता खालीवर झाला. मग त्याला नळाचा आवाज आठवला. त्याने क्लॅम्प खाली ठेवला. ठेवला म्हणजे, बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"दाबायला दुसरं काही चालेल?"

"चालेल की. वजन पाहिजे. भरपूर, आणि न हलणारं."

भरपूर आणि न हलणारं. घरी येईपर्यंत मिस्त्री घरातल्या एकेका वस्तूचं मनातल्या मनात वजन करत होता. गॅसची टाकी गोल. शिवणाचं मशीन मधेच जड. तांदळाचा डबा अर्धा. आणि दार उघडून आत आला, तर समोर खुर्चीच्या टोकावर सासरे बसलेले. भरपूर. न हलणारे.

रविवारी बायको सकाळच्या ड्यूटीला गेल्यावर मिस्त्रीने लोखंडी ट्रंकेवर फळ्या मांडल्या आणि धीर करून सासऱ्यांसमोर उभा राहिला.

"बाबा, एक विनंती होती."

"बोला, जावईबापू."

"जरा बसाल का?"

"बसलोच आहे की."

"इथे नाही. फळीवर. म्हणजे सरस लावल्यावर. वाळेपर्यंत."

सासऱ्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मिस्त्रीला वाटलं, संपलं. जावयाने सासऱ्याला वजन म्हणून वापरायला काढलं, ही बातमी आता सगळ्या नात्यागोत्यात फिरणार.

"सगळा जन्म मी हेडमास्तरच्या खुर्चीत काढला," सासरे उठत म्हणाले. "बसणं मला जमतं."

आता इथे मिस्त्रीच्या ऑफिसातला एक नियम सांगायला हवा. त्यांच्याकडे कुठलाही कागद दोन्ही बाजूंनी सही केल्याशिवाय पुढच्या टेबलावर जात नाही. मागची बाजू कोरी असली, तरी कोरी आहे म्हणून तिच्यावर सही. मिस्त्रीच्या हाताला हे इतकं बसलं होतं, की घरी विजेचं बिल आलं तरी तो आधी ते उलटून मागे सही करायचा. तर त्याने खालच्या फळीला सरस लावला. वरची फळी घेतली, तिच्या एका बाजूला छान एकसारखा सरस लावला. मग हाताने आपणहून फळी उलटली, आणि दुसऱ्या बाजूलाही तितक्याच काळजीने लावला. पुढच्या टेबलावर पाठवावी तशी ती खालच्या फळीवर ठेवली.

"बसा बाबा, लवकर! वाळतोय!"

सासरे बसले. अंगावर करड्या रंगाची इस्त्रीची पॅण्ट, प्रवासाची. दुसरी पॅण्ट मुलीने सकाळीच धुवून दोरीवर टाकलेली.

बसल्या बसल्या त्यांना बुडाखाली गार लागलं. पण जावयाच्या घरी आलेला माणूस 'ओलं लागतंय हो' असं कसं म्हणेल? त्यांना वाटलं, असेल जावयाची तऱ्हाच अशी. ते गप्प राहिले. इकडे मिस्त्रीला दिसलं, की सासरे जरा चुळबुळतायत. पण सासऱ्यांना 'काही टोचतंय का' असं विचारायचं म्हणजे भलतीच पंचाईत. तोही गप्प राहिला. दोन सभ्य माणसं एका खोलीत असली, की संकटाला रान मोकळं मिळतं.

मग मिस्त्री टेबलाचे पाय कापायला बसला आणि सासरे बघत राहिले. करवत इकडून तिकडे जात होती, मधून मधून लाकडातूनही जात होती. सासरे एकदा "सांभाळून हं" म्हणाले, एकदा "अहो, अंगठा!" म्हणाले. एकदा तर अर्धवट उठायला गेले, आणि का कोण जाणे, पुन्हा खाली बसले.

दुपार कलल्यावर बायको घरी आली. "बाबा, आवरलं का? बसची वेळ होत आली."

"हो, उठतो," सासरे म्हणाले, आणि उठले.

ट्रंक खाली राहिली. फळ्या मात्र त्यांच्याबरोबर उठल्या.

सासरे हेडमास्तरच्याच रुबाबात उभे, आणि मागे भिंतीला समांतर दोन फळ्या, अगदी पक्क्या. (सांधा उत्तम झाला होता, याचा मिस्त्रीला त्याही वेळी आनंद झाला. पण तो आनंद दाखवायची ती वेळ नव्हती.)

"जावईबापू," सासरे शांतपणे म्हणाले, "वरच्या बाजूलाही लावायचा असतो का सरस?"

मिस्त्री सरसाच्या डब्याकडे बघायला लागला.

"तुम्ही दोन्ही बाजूंना लावलात?" बायकोने विचारलं.

"सवय गं," तो पुटपुटला. "ऑफिसची."

"ओढू नका!" मिस्त्री फळी धरायला पुढे झाला तशी ती ओरडली. "हात नका लावू कशालाही. बाबा, पालथे व्हा. पलंगावर."

तिने पिशवीतून आपली कात्री काढली. प्लास्टरखालची पट्टी कापायची, टोकाला बोथट चोच असलेली. फळीच्या कडेकडेने कापड असं कापत गेली, की बघत राहावं. हेडमास्तर पालथे पडून म्हणत होते, "अगं, फक्त पॅण्टच काप हं. आतलं माझं आहे." आणि असं म्हणता म्हणता त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग पाठ, मग त्यांच्याबरोबर फळी. मिस्त्रीची बायको कात्री हातात धरून तशीच थांबली. आई गेल्यापासून बाबांना हसताना तिने पाहिलं नव्हतं. तीही हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली, आणि या वेळी नळबिळ काही सोडला नाही.

बस अर्थातच चुकली. एक पॅण्ट दोरीवर ओली, दुसरीचा मागचा भाग टेबलाला. सासरे टॉवेल गुंडाळून बसले होते. पण खुर्चीच्या टोकावर नाही. मागे टेकून.

"पायांना सरस कधी लावायचा?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या रविवारी," मिस्त्री म्हणाला.

"बरं. मग तेवढं करूनच जातो."

मिस्त्रीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बायको म्हणाली होती, त्यांना वाटतं आपण कोणाला लागत नाही. आता लागत होते! क्लॅम्प म्हणून का होईना, पण लागत होते. त्याने ठरवलं, की जोवर या घरात चिकटवायला काही आहे आणि क्लॅम्प नाहीत, तोवर सासरे कुठे जात नाहीत. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. इतकी हुशारी आपल्याला स्वतःहून कधी सुचली नव्हती, तेव्हा ती जरा एकट्यानेच बाळगावी असं त्याला वाटलं.

टेबल झालं. वर करड्या कापडाचे दोन गोल तुकडे तसेच राहिले. मिस्त्रीने ते घासून काढतो म्हटलं, तर सासऱ्यांनी काढू दिले नाहीत. मग बाक निघालं. मग पुस्तकांची मांडणी. दर रविवारी सासरे उशी घेऊन फळीवर बसायचे, वर्तमानपत्र वाचायचे आणि मधून मधून "अंगठा!" म्हणायचे. गावाकडचं घर भाड्याने द्यायची भाषा निघाली. रेडिओ आला, पण आता त्याच्याशी बोलायला त्यांना सवड नसे.

इकडे मिस्त्रीचे हाल कुत्रा खाईना. दुकान त्याच्या ऑफिसच्या वाटेवर. क्लॅम्प काचेत मांडलेले. एकदा तर त्यांच्यावर 'भरघोस सूट' अशी पाटी लागली, आणि तो समोरच्या फुटपाथवर खांबाला धरून उभा राहिला. आजवर त्याने एखादं हत्यार टाळलं असेल, तर ते बायकोच्या धाकाने. पण हे टाळणं स्वतःचं होतं, आणि म्हणून फार जड जात होतं. रात्री उशीवर डोकं टेकलं की ते निळे दांडे डोळ्यांपुढे यायचे. तरी गड्याने दुकानाचा उंबरा ओलांडला नाही. तो ऑफिसला लांबच्या रस्त्याने जायला लागला.

आणि मग त्याचा वाढदिवस आला.

दुपारी सासरे जेवून आडवे झाले होते. बायकोने त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि एक जड खोकं हातात दिलं. "इतके महिने तुम्ही शब्द पाळलात," ती म्हणाली. "माझ्या बाबांसाठी. मला सगळं दिसतं हं."

मिस्त्रीने खोकं उघडलं. निळे दांडे.

बायकोने आयुष्यात पहिल्यांदा, आपणहून, त्याच्यासाठी हत्यार आणलं होतं. आणि मिस्त्रीला दरदरून घाम फुटला.

"आवडले नाहीत?"

"आवडले! फार आवडले! बाबांनी बघितले का?"

"बाबा म्हणजे—" ती सांगायला लागली, तेवढ्यात इस्पितळातून फोन आला आणि ती बाहेरच्या खोलीत गेली. मिस्त्रीने आव बघितला न ताव. खोकं काखोटीला मारून तो मागच्या दाराने सटकला.

"परत?" दुकानदार म्हणाला. "साहेब, क्लॅम्प परत करणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय. तब्येत ठीक आहे ना?"

"घ्या हो परत. पाया पडतो."

"विकलेला माल परत नाही घेत. बदलून मिळेल. दुसरं काहीही उचला."

दुसरं काहीही! मिस्त्रीने चहूकडे पाहिलं. राउटर होतं. तो छोटा जपानी रंधा होता, ज्याची त्याने स्वप्नं पाहिली होती. बायकोची परवानगी होती, घासाघीस नव्हती, पाप नव्हतं. पण राउटर आलं, की सासरे विचारणार, हे आणलंत तर मग क्लॅम्प का नाही आणलेत? मिस्त्रीने डोळे मिटले आणि सरस मागितला. सरसाचा मोठ्यात मोठा डबा. तो डबा मांडीवर घेऊन रिक्षाने घरी येताना त्याला आपलं स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं, की डोळे भरून आले.

दारात सासरे उभे होते.

"आलात? उठून बघतो तर खोकं गायब. मोठे आणायला गेलात ना? मी तिला दुकानातच म्हटलं होतं, थोडे मोठे घे."

"तुम्ही... दुकानात?"

"म्हणजे काय! मीच निवडले." त्यांची नजर डब्यावर गेली. "हे काय? क्लॅम्प कुठायत?"

मिस्त्री डब्यासकट पायरीवर बसला. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. "बदलले," तो म्हणाला. "बाबा, मला वाटलं, क्लॅम्प आले की तुमचं काम संपेल. आणि तुम्ही परत जाल. एकटे. म्हणून इतके महिने घेतलेच नाहीत."

सासरे त्याच्याजवळ पायरीवर बसले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"अहो, माझ्या शाळेत सुतारकामाचा वर्ग होता. भिंतीभर क्लॅम्प टांगलेले असायचे. पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं, की ते माणसाचं काम नाही."

"मग बसलात कशाला?"

"पाहुणा होतो. जावयाने बसा म्हटलं, बसलो."

"आणि मग राहिलात का?"

सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात इतकी माया होती, की मिस्त्रीला वाटलं, आता काहीतरी फार चांगलं ऐकायला मिळणार.

"त्या रविवारी बसल्या बसल्या तुम्हाला करवत चालवताना बघितलं," सासरे म्हणाले. "म्हटलं, मुलगी दिवसभर ड्यूटीवर. घरात दुसरं कोणी नाही. या माणसाला एकट्याला सोडून मी जाऊ कसा?"

मिस्त्रीने आशेने मागे पाहिलं. बायको दारात उभी होती. आता ती तरी आपली बाजू घेईल.

"खरं आहे हो," ती म्हणाली. "आधी ड्यूटीवर फोन सतत खिशात असायचा, तुम्ही काही कापून घेतलंत तर म्हणून. बाबा राहायला आल्यापासून मी तो कपाटात ठेवते."